अक्कांच्या वावरातला करार

पृथ्वीच्या पाठीवर आणि तिच्या वरच्या पोकळीत जे काही घडतं, ते अखेर परराष्ट्र मंत्रालयाच्या टेबलावर येतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो अमळनेरला राहतो. नात्यानं ते माझ्या बायकोचे थोरले मामा. पण अख्खी गल्ली त्यांना नाना म्हणते म्हणून मीही नानाच म्हणतो. नाना दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयात होते. एवढं ऐकलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंद गळ्याचा कोट आणि विमानाची शिडी उभी राहते. नाना त्यातले नव्हते. दोन देशांमधल्या करारांच्या सहीच्या प्रती ज्या खोलीत तयार होतात, त्या खोलीत ते कारकून म्हणून लागले आणि त्याच खोलीतून निवृत्त झाले. जाड कागद निवडायचा, पानं जुळवायची, भोकं पाडून रेशमी फीत ओवायची, गाठ मारायची, गाठीवर लाख ओतून शिक्का उठवायचा, आणि ती प्रत मोठ्या लोकांपुढे जाईपर्यंत तिच्यावर माशी बसू द्यायची नाही, हे त्यांचं काम. व्यापाराचे, विमानांचे, नद्यांचे करार त्यांच्या हाताखालून गेले. पण जीव जडला तो अवकाशाच्या करारांवर. "बाकीच्या करारांत कोणाची तरी हद्द असते," ते म्हणतात. "यात हद्दच नाही. जिथं कुंपण नसतं ना जावईबापू, तिथं शब्द फार जपून वापरावे लागतात."

आपलं रॉकेट सुटतं तेव्हा सगळं अमळनेर टीव्हीसमोर टाळ्या वाजवतं. नाना वाजवत नाहीत. उलटी मोजणी, धूर, आगीचा लोळ यांत त्यांना काडीचा रस नसतो. तेवढ्या वेळात ते चष्मा पुसून घेतात. रॉकेट दिसेनासं झालं, निवेदकानं "या मोहिमेत अमुक देशाचेही उपग्रह आहेत" असं म्हटलं, की नाना खुर्चीत सरळ होतात आणि एकटेच टाळी वाजवतात. मी एकदा कारण विचारलं. "उडवलं ते शास्त्रज्ञांनी, त्यांना माझा नमस्कार आहे," नाना म्हणाले. "पण दुसऱ्या देशानं आपली जिवापाड जपलेली वस्तू तुमच्या हाती का दिली? कारण त्याच्या आधी दोन-तीन वर्षं आमच्यातल्या कोणीतरी त्यांच्याकडे जाऊन बेचव चहा प्यायलेला असतो. त्या चहाला कोणी टाळ्या वाजवत नाही." मग जेवण निवेपर्यंत ते मला समजावत बसले. रॉकेट कोणाच्या समुद्रावरून जाणार ते आधी कळवावं लागतं. उपग्रह पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला गेला की त्याचं बोलणं ऐकायला परक्या बेटावर आपली तबकडी लागते, आणि ती तबकडी उभारायला इंजिनियर जातो त्याच्या कितीतरी आधी परराष्ट्र खात्याचा माणूस जाऊन आलेला असतो. देशाचं अवकाश धोरण शास्त्रज्ञ लिहितात हा लोकांचा गैरसमज आहे, असं ते सांगतात. शास्त्रज्ञ लिहितात ते 'काय करायचं', आणि 'कोणाबरोबर, कोणाला न दुखवता' हे परिशिष्ट परराष्ट्र खात्याचं असतं.

दिल्ली सुटली तरी ही भाषा सुटली नाही. नाना कोणालाही थेट नकार देत नाहीत. मामींनी कोथिंबीर आणायला सांगितली आणि नाना म्हणाले, "नोंद घेतली आहे," की मामी स्वतःच पिशवी उचलतात. "सकारात्मक विचार चालू आहे" म्हणजे संध्याकाळपर्यंत होईल, आणि "तत्त्वतः मान्य" म्हणजे कधीच होणार नाही, हे आमच्या घरातल्या लहान मुलांनाही पाठ आहे. कुठलाही कागद ते दोन प्रतींत करतात. दोन देशांत करार होतो तेव्हा प्रत्येक देश आपल्याकडे जी प्रत ठेवतो तिच्यात त्याचं नाव आधी येतं, म्हणजे कोणी पहिला नाही आणि कोणी दुसरा नाही, ही रीत त्यांना जगातली सर्वांत सुंदर रीत वाटते. गल्लीत सांडपाण्याच्या नाल्यावरून दोन शेजाऱ्यांत वर्षभर हमरीतुमरी चालली होती. नानांनी दोघांना ओट्यावर बसवून समझोता लिहिला, एका प्रतीत पाटलांचं नाव आधी, दुसरीत वाण्यांचं. दोघांनी आपापली प्रत फ्रेम करून लावली, आणि आपलंच नाव वर आहे या समाधानात नाला बिचारा वाहता झाला. मुलीच्या लग्नाची पत्रिकाही त्यांनी दोन तऱ्हांनी छापली होती. नवऱ्या मुलाच्या वडलांनी आपलं नाव आधी असलेली पत्रिका पाहिली, मग चुकून दुसरी त्यांच्या हाती लागली, आणि लग्न मोडतं की काय अशी वेळ आली. नानांनी त्यांना समजावलं ते कसं, देव जाणे. पण आज ते व्याही स्वतःच्या घरची पत्रिका दोन तऱ्हांनी छापतात.

परदेश मात्र नानांनी पाहिला नाही. पारपत्र काढलेलं होतं, पण त्यावर एकही शिक्का उठला नाही. "सारा जन्म परराष्ट्रात काढला आणि परराष्ट्र काही दिसलं नाही," मामी पाहुण्यांना चहा देता देता सांगतात. नाना कपातून नजर वर न काढता म्हणतात, "पोस्टमन पत्र पोचवतो. पत्रातल्या लग्नाला तो जात नाही."

अशा माणसाच्या हयातीत, त्यांच्या घरापासून दोन-अडीच तासांवर, आकाशातून एक वस्तू पडली.

मी जळगावला पाइपांच्या कारखान्यात आहे. दिवाळी होऊन गेली होती. रविवारी सकाळी मी दाढी करत असताना नानांचा फोन आला. "गाडी काढा आणि या. अवकाश खाली आलंय." मला वाटलं, मामींना काही झालं. तसाच फेस पुसून निघालो. अमळनेरला पोचलो तर नाना इस्त्रीच्या सदऱ्यात, काखेत वर्तमानपत्र, दारातच उभे. बातमी दोन बोटांची होती : शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात, कपाशीच्या शेतात धातूचा गोळा पडला, जीवितहानी नाही, परिसर सील. "दुसऱ्या देशाच्या रॉकेटची टाकी असणार ती," नाना म्हणाले. "तिथं पोलीस आहेत, महसूल आहे, टीव्हीवाले आहेत. ज्याचं काम आहे तोच नाही."

"कोण?"

"परराष्ट्र मंत्रालय," असं म्हणून ते गाडीत बसले.

गावात पोचलो तेव्हा गोळ्याला पडून चार दिवस झाले होते. गोळा मोठ्या रांजणाएवढा, काळपटलेला, वरून भाजलेल्या वांग्यासारखी साल सुटलेला. तो पडला होता एका विधवा शेतकरीण बाईंच्या वावरात. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. साठीच्या, काटक, डोक्यावरचा पदर कामाच्या गडबडीतही न ढळणाऱ्या. त्यांच्या साऱ्या वावराभोवती पोलिसांनी लाल-पिवळी फीत बांधली होती आणि कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर एक हवालदार बसवला होता. आत कपाशी फुटून पांढरीशुभ्र झाली होती. वेचणीला आलेल्या बाया फितीबाहेर बांधावर बसून होत्या, कारण आत पाय टाकायला मनाई. आणि सातपुड्यावर अवकाळी ढग जमायला लागले होते. भिजला कापूस काय लायकीचा राहतो हे खानदेशात कोणाला सांगावं लागत नाही.

आम्हाला गाडीतून उतरताना पाहून अक्का पुढे आल्या. आणखी काही बघे आले असंच त्यांना वाटलं. "भाऊ, तुम्ही बठ्ठा येतस, दखतस आनि चालना जातस," त्या खानदेशी बोलीत म्हणाल्या. "मना कापूस कोन वेचई?" सगळे येता, बघता आणि निघून जाता, माझा कापूस कोण वेचणार?

तालुक्याचे अधिकारी तिथंच होते. तरुण, सरळ माणूस. चार दिवसांत त्यांची झोप उडाली होती. नानांनी विचारलं, पुढे काय ठरलं? ते म्हणाले, "वर कळवलंय."

"वर म्हणजे कुठे?"

"जिल्ह्याला. जिल्ह्यानं मुंबईला कळवलं. अवकाश विभागाचे लोक येऊन पाहून गेले, आपली वस्तू नाही म्हणाले. आता आदेश येईपर्यंत हलवायची नाही."

"आपली नाही. मग कोणाची, हे कोणी कोणाला विचारलं?"

खरोखरच ते कोणी कोणाला विचारलं नव्हतं, कारण विचारायचं कोणी, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. अक्कांनी पदर सावरला आणि नानांकडे बघून म्हणाल्या, "ज्यानं व्हई, त्यानी ली जावानं. मनं वावर मोकळं करी देवानं. आखो काय?"

नानांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. पन्नास वर्षांनी शाळेतला बाकावरचा मित्र भेटावा तसा. ज्याची असेल त्यानं येऊन घेऊन जावी. "अहो साहेब," ते अधिकाऱ्यांना म्हणाले, "करारात हेच लिहिलंय! आकाशात गेल्यानं वस्तूचा मालक बदलत नाही, खाली पडल्यानंही बदलत नाही. सापडली की कळवायचं, त्यांनी मागितली की द्यायची, पण आधी ती त्यांचीच आहे हे त्यांनी पटवून द्यायचं. आपल्या देशानं मान्य केलेला करार आहे. त्याच्या प्रती मी स्वतः कपाटात लावल्यात. मोठमोठ्या लोकांना हे चार पानांत लिहावं लागलं, या बाईंनी एका दमात सांगितलं."

अधिकारी शहाणे निघाले. "नाना, तुम्ही मसुदा द्या, सही मी करतो," म्हणाले. नानांनी मारुतीच्या पारावर बसून पत्र लिहिलं. मजकूर अगदी थोडा : काय पडलं, कुठे पडलं, कसं दिसतं, फोटो सोबत, संबंधित देशांच्या दूतावासांकडे चौकशी करून वस्तू परत देण्याची व्यवस्था व्हावी, पीक काढणीला आले आहे. शेवटच्या वाक्याबद्दल अधिकाऱ्यांनी शंका काढली, दिल्लीला पिकाचं काय? नाना म्हणाले, "साहेब, परराष्ट्र खात्याला घाई का करायची ते सांगावं लागतं. नाही तर ते नोंद घेतात." पत्र रीतसर मार्गानं गेलं. आणि त्या मार्गानं ते कधी पोचेल हे पुरतं माहीत असल्यामुळे नानांनी दिल्लीला एक फोन केला. नोकरीत नवी असताना ज्या मुलीला त्यांनी फितीची गाठ मारायला शिकवली होती, त्या बाई आता मंत्रालयात बऱ्याच वरच्या जागी होत्या. फोनवर "बडे बाबू, आप?" एवढं मला ऐकू आलं. मग नानाच बोलत राहिले. त्यांनी शेवटी एकच गोष्ट मागितली, "कोणीतरी इथं या. कागदावर मिटवू नका. इथं एक बाई वाट बघताहेत."

त्या दिवशी नाना घरी परत आले नाहीत. वस्तू ताब्यात दिली जाईपर्यंत मी प्रतिनिधी म्हणून इथंच थांबतो, असं त्यांनी जाहीर केलं. कोणाचे प्रतिनिधी हे त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. अक्कांच्या पडवीत त्यांनी मुक्काम टाकला. मामींना कळलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "अखेर बदली झाली म्हणायची त्यांची. बाहेरगावी." आणि स्वेटर, गोळ्या, दशम्या अशी पिशवी माझ्यासोबत पाठवून दिली.

मधले दिवस कठीण गेले. ढग यायचे, अक्का अंगणात उभ्या राहून आभाळाकडे पाहायच्या, ढग पांगायचे. बांधावरच्या बाया दुसऱ्या वावरात वेचणीला जाऊ लागल्या. गावातली काही माणसं म्हणू लागली, गोळा ट्रॅक्टरमध्ये टाकून नदीपात्रात नेऊन सोडा, कोण विचारतंय! एकानं तर गोळ्याचं देऊळ बांधायची कल्पना काढली. नाना एकेकाला पारावर बसवून समजावत होते. मी मधल्या रविवारी गेलो तेव्हा ते थकलेले दिसले. जेवताना अक्कांनी विचारलं, "नाना, येतीन ना त्या?" सारी हयात ज्यांनी "विचार चालू आहे" म्हणण्यात घालवली, त्यांना त्या बाईंपुढे तसलं एकही वाक्य तोंडातून काढवेना. "मी सांगस म्हणून थांबना तुम्ही," ते म्हणाले. "नही उनात, तर मी सोता फीत तोडसू." आणि कोणी आलं नाही तर ते खरंच फीत तोडतील, हे त्यांच्या डोळ्यांवरून मला कळलं. हवालदारालाही कळलं असावं. त्यानं खुर्ची थोडी लांब नेली.

त्या रविवारनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात मला फोन आला. दिल्लीहून निरोप होता. मंत्रालयानं तीन-चार दूतावासांना विचारलं होतं, आणि त्यातल्या एका देशानं मान्य केलं की त्या सुमारास आमच्या रॉकेटचा एक भाग परतला आहे, वस्तू आमची असल्यास आम्ही घेऊन जाऊ. त्या देशाचं नाव मी इथं लिहीत नाही. नानांनी माझ्याकडून तसा शब्द घेतलाय. ते त्याला 'मित्रदेश' म्हणतात, तेव्हा आपणही मित्रदेशच म्हणू. परवा माणसं येणार होती. नानांनी मला जळगावहून आणायच्या वस्तूंची यादी सांगितली : जाड पांढरा कागद, दोन देशांचे टेबलावरचे छोटे झेंडे, हिरवं कापड, लाल रेशमी फीत, लाख. झेंड्यांतला एक मला पुठ्ठ्यावर रंगवून घ्यावा लागला. लाख सराफ बाजारातल्या एका कारागिरानं दिली. कशाला हवी म्हणून त्यानं विचारलं, मी म्हणालो, आंतरराष्ट्रीय कराराला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि आणखी एक कांडी हातावर ठेवली.

माणसं यायची त्या दिवशी सकाळी गावच्या शाळेचं टेबल अक्कांच्या वावराच्या कडेला, निंबाखाली मांडलं होतं. हिरवं कापड ताणून बसवलेलं, झेंडे मोजून मधोमध. नाना पहाटेपासून उभे. दिल्लीच्या बाई गाडीतून उतरल्या आणि सगळ्यांसमोर वाकून त्यांनी नानांना नमस्कार केला. तेव्हा तालुक्याच्या साहेबांनीही नकळत टोपी सरळ केली. मित्रदेशाचे दोघे होते, दूतावासातले एक सचिव आणि त्यांचा इंजिनियर. आपल्या अवकाश विभागाचेही एक इंजिनियर होते. दोन्ही इंजिनियरांनी आधी यंत्र लावून गोळा तपासला. विषारी काही नाही म्हणाले. मग मित्रदेशाचा इंजिनियर भिंग घेऊन बसला. तो बराच वेळ बसून राहिला. शेवटी उठला आणि सचिवांच्या कानात बोलला. सचिवांनी खेदानं सांगितलं की ओळख पटवणारा क्रमांक कुठे दिसत नाही, भाजून गेला असावा. आणि क्रमांक नसेल तर वस्तू आमची आहे असं आम्हाला लिहून देता येणार नाही.

नाना खुर्चीवर बसले. नियम त्यांचाच होता. ओळख पटल्याशिवाय परत नाही, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. बांधावर कुजबुज झाली. मागे सातपुड्यावर ढग उभे होते.

"नाना," मागून अक्कांचा आवाज आला. "आखरं खालना आंगे शेतस."

अक्षरं खालच्या अंगाला आहेत. सगळे वळले. "तुम्हाला काय माहीत?" हवालदारानं विचारलं. अक्कांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा नानांकडे, आणि म्हणाल्या, "पडनं तवय आखरं वरे व्हतात. ते नळीवर पडेल व्हतं. मी पहार लाईसन लोटी दिन्हं." ठिबकची नळी फुटू नये म्हणून, पोलीस येण्याच्या आधी, आकाशातून आलेला तो गोळा या बाईंनी पहारीनं ढकलून दिला होता, आणि हात लावायचा नाही असं नंतर कळल्यावर धास्तीनं इतके दिवस तोंड मिटून बसल्या होत्या. हवालदार उसळला, "म्हणजे पुराव्याला—" पण नाना त्याच्या आधी उभे राहिले. "सापडलेली वस्तू हलवू नये असं करारात एकही कलम नाही!" ते गरजले. त्यांना गरजताना मी पहिल्यांदा पाहिलं. "उलट वस्तू सांभाळायची जबाबदारी आपली. बाईंनी सांभाळली. लावा हात!"

दोन इंजिनियर, हवालदार आणि मी, चौघांनी मिळून गोळा उलटा केला. मातीत दबलेल्या अंगावर, जणू कालच कोरलेला, आकड्या-अक्षरांचा एक पट्टा होता. मित्रदेशाच्या इंजिनियरनं खिशातून कागद काढला, एकेक अक्षर बोटानं जुळवलं, आणि मान वर केली तेव्हा तो हसत होता. त्याला काही सांगावंच लागलं नाही. बांधावरच्या बायांनी अशा आरोळ्या ठोकल्या की निंबावरचे पोपट उडून गेले.

सहीच्या वेळी आणखी एक अडचण उभी राहिली. ताबापावती हिंदीत आणि इंग्रजीत होती, दोन प्रती, एकीत आपला देश आधी, दुसरीत त्यांचा. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. मग साक्षीदार म्हणून अक्कांपुढे कागद ठेवला. अक्कांना सही येते. पण त्यांनी पेन घेतलं नाही. "काय लिखेल शे ते माले समजत नही," त्या म्हणाल्या. "न समजता मी सही करत नही." दिल्लीच्या बाई पेचात पडल्या, कागद ठरलेल्या भाषांतच असतो. त्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी एक कोरा कागद ओढला, आणि उभ्या उभ्या लिहून मोठ्यानं वाचलं : "हाई वस्तू मना वावरमा पडनी. ती मनी नही. ज्यासनी शे, त्या आज ली जाई राह्यनात. मना काही तंटा नही." पाहुण्या सचिवांनी विचारलं, ही कोणती भाषा? दिल्लीच्या बाई म्हणाल्या, "या जमिनीची. परिशिष्ट म्हणून जोडतो आहोत." सचिवांनी अर्थ समजून घेतला, मान डोलावली, आणि सर्वांच्या आधी त्या कागदावर सही केली. मग अक्कांनी केली, सावकाश, एकेक अक्षर उमटवत. नानांनी तीन भाषांचे ते कागद एकत्र धरले, फीत ओवली, गाठ मारली, लाख ओतली.

गोळा पेटीत चढला. तालुक्याच्या साहेबांनी विळ्यानं लाल-पिवळी फीत तोडली, आणि ती जमिनीवर पडण्याच्या आत बाया वावरात शिरल्या होत्या. पाहुणे सचिव बूट काढून आत गेले आणि अक्कांनी दाखवलं तसं त्यांनी एक बोंड वेचलं. जेवणात वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. मित्रदेशाचा इंजिनियर घाम पुसत तीनदा भरीत मागून घेत होता. पुढच्या दोन दिवसांत सारी वेचणी झाली. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, आणि अक्कांचा कापूस तेव्हा घरात होता.

गोळा गेला त्याच दिवशी, परतीच्या वाटेवर मला वाटलं होतं नाना अमळनेरपर्यंत बोलत राहतील. पण तापीचा पूल ओलांडला, नरडाणा गेलं, बेटावदच्या रस्त्याला लागलो तरी ते गप्पच. दोन्ही हात मांडीवर ठेवून काचेतून बाहेर पाहत होते. मी म्हणालो, "नाना, आज तर तुमचा दिवस होता."

"हो," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता सांगू लागले. "जावईबापू, मी इतके करार बांधले. सह्या झाल्या की कपाटात जायचे. पुढे त्यांचं काय होतं, ते आमच्या खोलीला कोणी कळवायचं नाही. मला कधी कधी वाटायचं, आपण नुसत्या गाठीच मारतो की काय. कोणीतरी करार वाचून तसं वागलेलं आज पहिल्यांदा बघितलं मी."

दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती आणि रस्ता मोकळा होता. मी गाडीचा वेग कमी केला. घरी मामी वाट पाहत असणार हे माहीत होतं. तरी अमळनेर थोडं उशिरा यावं, असं मला वाटत राहिलं.